दहा मिलिग्रॅमचा पुरावा

नव्वदच्या दशकात ओमानच्या आरोग्य मंत्रालयाने पाच वर्षांखालच्या सहा हजारांहून अधिक मुलांचं रक्त तपासलं. शंभरातल्या सहा मुलांत सिकल सेलचं एक जनुक सापडलं, आणि हजारातल्या दोघांना प्रत्यक्ष आजार निघाला. हजारात दोन हा आकडा कागदावर लहान दिसतो. ज्या घरात असं मूल असतं, तिथे ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं किंवा गार वारा लागला तरी हाडांत कळा सुरू होतात आणि रात्र दवाखान्यात जाते. विदर्भातल्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकल सेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते १९५८ साली, आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, तिकडे नंदुरबार इथल्या घरांना हे दुखणं त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे.

या आजारावर हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे. ती उपयोगी पडते याबद्दल आता वाद नाही. वाद आहे तो किती द्यायची याचा, आणि जे उत्तर आपण देतो ते कुठल्या पुराव्याच्या बळावर देतो याचा. मस्कतमध्ये मराठी डॉक्टर अनेक वर्षांपासून काम करताहेत, म्हणून हा वाद मी तिथल्या एका मराठी घरात नेला आहे. काका आणि पुतणी ही दोन्ही माणसं मी रचलेली. काका नागपूरच्या मेडिकलला शिकले आणि ओमानमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. पुतणी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं लिहिणाऱ्या गटासाठी पुरावे तपासते. ज्या चाचण्यांवरून दोघं भांडतात त्या खऱ्या आहेत. समोर प्रश्न असा : निझवाकडचा दहा वर्षांचा मुलगा, वजन पंचवीस किलो, वर्षभरात चारदा कळांसाठी दाखल झालेला. त्याला औषध किती?

काका : किलोमागे दहा मिलिग्रॅम. म्हणजे रोजचे अडीचशे. पाचशेची कॅप्सूल एक दिवसाआड दे, हिशेब जमतो. आणि तिथेच थांब.

पुतणी : कशावरून, काका?

काका : पोरं बघितली आहेत म्हणून. महिन्याला येणारं पोर वर्षाला एकदा यायला लागलं, शाळेत जायला लागलं. आई येऊन सांगते ना. याहून मोठा पुरावा कुठला असतो गं?

पुतणी : आईचं सांगणं खोटं नाही. पण सिकल सेलची कळ काही दिवसांनी आपोआप ओसरते. ती ओसरायच्या आधी जे शेवटचं केलं असेल, श्रेय त्याला मिळतं. ओमानमध्ये जुनी माणसं दुखऱ्या जागी तापलेल्या लोखंडाचा डाग देतात, ‘वस्म’ म्हणतात त्याला. आपल्याकडे मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर ‘डंबा’ देतात. तिथल्या आयाही सांगतात, डाग दिला आणि बाळ शांत झालं. त्याही खोटं बोलत नाहीत.

काका : मला डंबा देणाऱ्यांच्या रांगेत बसवतेस?

पुतणी : तुम्हाला नाही, काका. नुसत्या अनुभवाला. आणखी एक गोष्ट बघा. पोराला औषध सुरू कधी करतो आपण? त्याचं सगळ्यात वाईट वर्ष झाल्यावर. चारदा दाखल झालं म्हणून. पुढचं वर्ष औषध न देताही बहुधा थोडं बरं जातं, कारण वाईट वर्ष दर वर्षी येत नाही. मग त्या सुधारणेतलं किती गोळीचं आणि किती नुसत्या दिवस पालटण्याचं, हे त्या एका पोराकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच्यासारखंच, त्याच वर्षी, गोळी न घेणारं पोर शेजारी लागतं.

काका : ठीक. मग शेजारचं पोरही दाखवतो तुला. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. साठ मुलं घेतली, सगळी जोराचा आजार असलेली. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला किलोमागे दहाची हायड्रॉक्सीयुरिया, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल. दीड वर्ष. कोणाला काय मिळतंय हे ना मुलांना ठाऊक ना डॉक्टरांना. औषधाच्या गटात कळा कमी, रक्त चढवणं कमी, भरती होणं कमी. २०१२ साली छापून आलं. आता बोल. दिवस पालटले म्हणशील तर दोन्ही गटांचे पालटले असते.

पुतणी : यावर मी काहीच बोलणार नाही. ही चाचणी माझ्या यादीत सगळ्यात वर आहे.

काका : मग अडलं कुठे?

पुतणी : तुमच्या पहिल्या उत्तरातल्या शेवटच्या तीन शब्दांवर. ‘आणि तिथेच थांब.’ नागपूरच्या चाचणीने दहा मिलिग्रॅमची तुलना रिकाम्या कॅप्सूलशी केली. वीसशी किंवा तीसशी केली नाही. दहा देणं हे काहीच न देण्यापेक्षा पुष्कळ चांगलं, एवढं तिने सिद्ध केलं. दहा पुरे आहे, हे तिने सिद्ध केलेलं नाही.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. पुराव्याची प्रत ठरवणं म्हणजे अभ्यासांना गुण देणं, असा समज डॉक्टरांमध्येही आहे : अमुक चाचणी मोठी म्हणून पहिल्या वर्गात, तमुक लहान म्हणून काठावर पास. प्रत अभ्यासाला लागत नाही. एका नेमक्या प्रश्नाच्या उत्तरावर किती विसंबायचं, हे ती सांगते. एकच चाचणी एका प्रश्नासाठी भक्कम असते आणि शेजारच्या प्रश्नासाठी लंगडी. माझ्या मते पुतणीचं अख्खं काम या एका भेदावर उभं आहे आणि काकांचा राग त्या भेदावर नाहीच. त्यांना राग येतो तो ‘कमी’ या शिक्क्याचा.

काका : तुमच्या त्या ग्रेड पद्धतीत साठ मुलांच्या चाचणीला काय लिहिता? ‘कमी’?

पुतणी : आधी पद्धत काय म्हणते ते सांगते. २००० सालाच्या सुमाराला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गायट आणि इतर देशांतली मंडळी यांनी मिळून ती घडवायला घेतली. आज जागतिक आरोग्य संघटना तीच वापरते. तिच्यात दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. पुराव्यावर भरवसा किती, हे एक : उच्च, मध्यम, कमी, अत्यंत कमी. आणि शिफारस किती जोराने करायची, हे दुसरं : ठाम किंवा सशर्त. चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी ‘उच्च’वर सुरू होते. मग ती एकेक पायरी खाली उतरवायची कारणं शोधायची. चाचणी करताना पक्षपात शिरला का, निरनिराळ्या चाचण्यांची उत्तरं एकमेकींशी भांडतात का, माणसं फार थोडी होती का, नकोशी उत्तरं छापायचीच राहून गेली का. आणि चाचणीतला रुग्ण आणि आपल्या समोरचा रुग्ण एकच आहे का.

काका : साठ मुलं थोडी, म्हणून एक पायरी खाली. बरोबर?

पुतणी : कळा कमी झाल्या का, या प्रश्नाला साठ अगदीच थोडी नाहीत, कारण कळा वारंवार येतात आणि फरक मोठा होता. पण अपायाचं काय? औषध मिळालं तीस मुलांना. समजा तिसांत एकालाही गंभीर अपाय झाला नाही. गणित एवढंच सांगतं की अशा अपायाचं प्रमाण दहात एकापेक्षा जास्त नसावं. शंभरात दोघांच्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या खाली जात असतील तर तिसांच्या गटात ते सहज नजरेतून सुटेल. म्हणून फायद्याला मी ‘मध्यम’ लिहिते आणि अपायाला ‘कमी’. सुलतान काबूस विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनीही २०१३ साली छापलं की ओमानी मुलांना कमी मात्रा लागू पडते. त्याने माझा भरवसा थोडा वाढतो. पण तो एका रुग्णालयाने आपल्याच रुग्णांचा केलेला पाठपुरावा होता, चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या.

काका : आणि जास्त मात्रेचा पुरावा कुठून आणतेस? अमेरिकेतून.

पुतणी : अमेरिकेतून आणि आफ्रिकेतून. अमेरिकेची मोठी चाचणी १९९५ ची. २९९ प्रौढ रुग्ण, मात्रा सोसेल तितकी वाढवत नेलेली. औषध न घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार झटके, घेणाऱ्यांना अडीच. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या मुदतीआधी थांबवली.

काका : प्रौढ. माझा पोरगा दहा वर्षांचा आहे.

पुतणी : म्हणूनच तर पायरी उतरते. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेने शिफारशी काढल्या, त्यात हा प्रामाणिकपणा दिसतो. नऊ ते बेचाळीस महिन्यांच्या बाळांसाठी त्यांनी ठाम शिफारस, उच्च प्रत असं लिहिलं, कारण त्या वयाच्या १९३ बाळांवर चाचणी झाली होती. बेचाळीस महिने ओलांडले की त्याच औषधाची, त्याच आजाराची शिफारस ‘मध्यम’वर आली. औषध बदललं नव्हतं. पुरावा त्या वयापर्यंत पोचत नव्हता, आणि त्यांनी तसं लिहिलं.

काका : त्या १९३ बाळांच्या चाचणीचं मीही वाचलंय. प्लीहा आणि किडनी वाचते का, हे बघायला ती काढली होती. त्यात ठरवलेला फरक दिसलाच नाही. कळा कमी झाल्या, हे जोडीला मोजलेलं निघालं. तरी उच्च प्रत?

पुतणी : हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. जोडीला मोजलेल्या गोष्टीवर मी स्वतः एक पायरी उतरले असते. प्रत ठरवणारीही माणसंच असतात, काका. पद्धत त्यांचं डोकं चालवायचं काम हिरावून घेत नाही. ते कुठे आणि कसं चालवलं, हे मात्र कागदावर मांडायला लावते. म्हणून तर आज तुम्हाला बोट ठेवता आलं.

काका : बरं, आता माझं ऐक. तू पायऱ्या मोजतेस, मी रक्त बघतो. सिकल सेलचं जनुक सगळीकडे सारखं नाही. त्याच्या आजूबाजूची जनुकीय ठेवण वेगवेगळी असते. आपल्या विदर्भातल्या पोरांत ‘अरब-भारतीय’ ठेवण. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर तीच. या पोरांच्या रक्तात जन्मानंतरही गर्भातलं हिमोग्लोबिन टिकून राहतं, पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात. हायड्रॉक्सीयुरिया करते काय? तेच हिमोग्लोबिन वाढवते. म्हणजे आफ्रिकन पोराला औषध घेऊन जिथे पोचायचंय, तिथे नागपूरचं पोर औषधाआधीच उभं असतं. युगांडातली चाचणी २०२० ची, हो ना? ठरावीक वीस विरुद्ध वाढवत नेलेली मात्रा.

पुतणी : १८७ मुलं. वाढवत नेलेल्यांची मात्रा सरासरीने तिशीच्या आसपास गेली. ठरवलेल्या खुणेपर्यंत त्यांच्यातली शंभरात ८६ पोचली, ठरावीक मात्रेवरची ३७. तीही चाचणी लवकर थांबवावी लागली.

काका : आणि ती खूण काय होती? हिमोग्लोबिन नऊ, किंवा गर्भातलं हिमोग्लोबिन वीस टक्के. वीस टक्के! माझ्या वॉर्डातली कितीतरी पोरं त्या खुणेवर गोळी न घेता पास झाली असती आणि तरी रात्रभर कळांनी रडत होती. त्या चाचणीवरून तू निझवाच्या पोराला तीस मिलिग्रॅम देणार?

मला वाटतं, संबंध वादात काकांनी टाकलेला हा सगळ्यात वजनदार मुद्दा. मार्गदर्शक तत्त्वांच्या पुस्तकात ‘पुरावा आपल्या रुग्णाला लागू पडतो का’ हा प्रश्न असतो, पण दूरच्या देशात लिहिणाऱ्याच्या हातून तो बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. चाचण्या जिथे पैसा आहे तिथे होतात. रुग्ण जिथे आहेत तिथले डॉक्टर त्या वाचतात. मधलं अंतर कोणीतरी मापायला हवं, आणि ते मापायची जबाबदारी वाचणाऱ्याची.

पुतणी : काका, निम्मं तुमचं बरोबर आहे. खूण म्हणून रक्तातला आकडा धरला की फसायला होतं. व्हॉक्सेलोटर आठवतं? सिकल सेलवर ‘ऑक्सब्रिटा’ नावाने आलेलं औषध. २०१९ मध्ये अमेरिकेने घाईची मंजुरी दिली, कशावर? हिमोग्लोबिन एका ग्रॅमने वाढलं यावर. औषध घेणाऱ्यांत निम्म्यांचं वाढलं, रिकामी गोळी घेणाऱ्यांत शंभरात सात जणांचं. कळा मात्र ठळकपणे कमी झाल्या नव्हत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण पुढच्या माहितीत औषध घेणाऱ्यांमध्ये कळा आणि मृत्यू जास्त दिसत होते. युगांडाच्या चाचणीत निदान कळा आणि आजारपणंही मोजली होती, आणि वाढत्या मात्रेवर तीही कमी निघाली. म्हणून मी ती टाकून देत नाही. पण तुमच्या नागपूरच्या पोरासाठी एक पायरी नक्की उतरवते.

काका : झालं तर मग. दहा.

पुतणी : थांबा. आपण नागपुरात नाही, ओमानमध्ये आहोत. इथल्या रुग्णांची जनुकीय ठेवण २००० साली तपासून छापलेली आहे. तुमची अरब-भारतीय ठेवण चौथ्या हिश्श्याच्या थोडी वर. पश्चिम आफ्रिकेकडची बेनिन ठेवण निम्म्याच्या वर. आणि पूर्व आफ्रिकेकडची बंटू, पाचवा हिस्सा.

काका : बंटू तर असणारच. झांझिबार ओमानच्याच ताब्यात होतं. सुलतान सईदनं राजधानीच तिकडे नेली होती. १९६४ च्या उठावानंतर किती घरं मस्कतला परतली. माझ्या ओपीडीत स्वाहिली बोलणाऱ्या आज्या यायच्या.

पुतणी : त्या आज्यांच्या नातवाला युगांडाची चाचणी थेट लागू पडते. बेनिनवाल्यांना अमेरिकेची, कारण तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांत बेनिनच सगळ्यात जास्त. आणि अरब-भारतीयांना नागपूरची. तीन खंडांतल्या तीन चाचण्या, आणि तिघींचे रुग्ण एकाच वेटिंग रूममध्ये बसलेले. कित्येकांच्या अंगात तर आईकडून एक ठेवण आणि बापाकडून दुसरी. तुम्ही म्हणाल त्याप्रमाणे सगळ्यांना दहावर थांबवलं, तर पुराव्याप्रमाणे निम्म्याहून जास्त मुलांना कमी औषध मिळेल.

काका : आणि सगळ्यांना वाढवत नेलं, तर माझ्या चौथ्या हिश्श्यातल्या पोरांच्या पांढऱ्या पेशी उगाच पाडशील.

पुतणी : हो. म्हणून एका आकड्याची शिफारस करणं हेच मला चुकीचं वाटतं. दहाने सुरू करा, कळा मोजा, पेशी मोजा. कळा थांबत नसतील तर मात्रा वाढवा.

काका : बोलायला सोपं आहे. तुमच्या कागदावर ‘सशर्त शिफारस, प्रत कमी’ असं वाचलं की नवा डॉक्टर काय करतो, ठाऊक आहे? काहीच करत नाही. ‘कमी’ म्हणजे त्याला ‘नको’ वाटतं. बाप आधीच घाबरलेला असतो. कोणीतरी सांगितलेलं असतं की ही कॅन्सरची गोळी आहे, पुढे पोराला मूलबाळ होणार नाही. डॉक्टर डगमगला की गोळी बंद.

पुतणी : हा धोका खरा आहे, आणि लिहिणाऱ्यांकडून होतो. पण ‘कमी प्रत’ म्हणजे ‘देऊ नका’ असा अर्थ पद्धतीत कुठेच नाही. सिकल सेलच्या पोराला जोराचा ताप आला तर आपण काय करतो? रक्त कल्चरला पाठवून लगेच अँटिबायोटिक. ते देणं आणि न देणं यांची चिठ्ठ्या टाकून तुलना कोणी करणार नाही, करूही नये. पुरावा कमी प्रतीचा, तरी शिफारस ठाम, कारण वाट बघितली तर पोर दगावू शकतं. लहान बाळांना रोज द्यायच्या पेनिसिलिनचं नशीब चांगलं. १९८६ च्या चाचणीत २१५ मुलं होती, गंभीर संसर्ग शंभरात चौऱ्याऐंशीने घटला. तिथे प्रतही उच्च आणि शिफारसही ठाम.

काका : म्हणजे मरणाची भीती असेल तिथे तूसुद्धा अनुभवावर चालतेस.

पुतणी : चालते, पण तसं लिहून ठेवते. न लिहिता चाललं की काय होतं ते आपण २०२० मध्ये कोविडच्या साथीत बघितलं. महाराष्ट्रात बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा रुग्णांना देणारा ‘प्लॅटिना’ प्रकल्प सुरू झाला, प्लाझ्मासाठी लोक रात्ररात्र फोन फिरवत होते. आयसीएमआरने त्याच वर्षी ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर चाचणी करून दाखवलं की प्लाझ्माने आजार बळावणंही थांबत नाही आणि मृत्यूही टळत नाहीत. तरी मार्गदर्शक तत्त्वांतून तो काढायला मे २०२१ उजाडला. दुसऱ्या लाटेत माणसं प्लाझ्मा शोधत पळत होती तेव्हा उत्तर छापून सहा महिने झाले होते. नातेवाइकांचं ते पळणं मला विसरता येत नाही, काका. प्रत लिहायची ती यासाठी.

काका यावर काही बोलले नाहीत असं मी लिहिणार होतो. पण नागपूरच्या वॉर्डांत वाढलेला माणूस इतक्यात गप्प बसत नाही, आणि त्याने बसूही नये.

काका : प्लाझ्माचं कबूल. पण मला सांग, तुझ्या मोजमापात रुग्णाच्या घराचं अंतर कुठे बसतं? हा पोरगा निझवाकडचा. समजा घर वर जबल अख्दरवर आहे. फोर व्हील ड्राइव्ह गाडी नसेल तर पोलीस तो घाट चढूच देत नाहीत. मात्रा वाढवत न्यायची म्हणजे सुरुवातीला दर चार आठवड्यांनी पेशी मोजायला खाली यायचं. बाप रोजंदारीवर नसला तरी नोकरीवर आहे. दोन खेपा येईल, तिसरी चुकेल. मग वाढवलेली मात्रा चालू आणि पेशी कोणी बघितलेल्या नाहीत. त्यापेक्षा दहा बरे नाहीत का?

पुतणी : बसतं. पुराव्याची प्रत ठरल्यानंतर शिफारस ठरवताना तेच बघायचं असतं : फायदा-तोट्याचा तोल, घरच्यांना काय महत्त्वाचं वाटतं, खर्च, सोय, ती सगळ्यांपर्यंत सारखी पोचते का. अंतर तिथे येतं. पण ते पुराव्यात मिसळायचं नाही. ‘दहा पुरे आहे’ आणि ‘या घराला दहाच झेपतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुम्ही मघापासून दुसरं कारण मनात धरून पहिलं वाक्य बोलताय.

काका : असेल. आयुष्यभर तसंच ठरवत आलो. पोर, घर आणि गोळी एकदमच बघायची सवय.

पुतणी : ओपीडीत तसंच बघायला हवं. पण देशभरासाठी लिहिताना वेगळं काढावं लागतं, नाहीतर मस्कतमध्ये रुग्णालयाशेजारी राहणाऱ्या मुलालाही जबल अख्दरची मात्रा मिळेल.

काका : मग लिही. मी बघतो.

पुतणी : पहिली ओळ. वर्षाला तीन किंवा जास्त कळा येणाऱ्या मुलाला हायड्रॉक्सीयुरिया द्यावी. ठाम शिफारस, प्रत मध्यम. इथे नागपूरची चाचणी नावानिशी घालते.

काका : घाल.

पुतणी : दुसरी ओळ. किलोमागे दहाने सुरुवात करावी. कळा थांबल्या नाहीत आणि पेशी मोजायची सोय असेल तर टप्प्याटप्प्याने वाढवावी. सशर्त शिफारस, प्रत कमी. आणि कमी का, ते खाली : ठरावीक आणि वाढती मात्रा यांची तुलना झाली ती युगांडातल्या मुलांत, आणि तिथेही दहाशी नव्हे, वीसशी.

काका : ‘कमी’च्या पुढे कंसात लिही की म्हणून औषध अडवू नये.

पुतणी : कंस नको, पूर्ण वाक्य देते. तिसरी ओळ : नियमित तपासणी शक्य नसेल तिथे दहावरच ठेवावं. कारण अंतर. पुरावा नव्हे. उद्या वर डोंगरावर पेशी मोजायचं यंत्र गेलं, की ही ओळ खोडायची.

काका : खोडायला मीच येईन. पण एक सांग. दहा विरुद्ध वाढती मात्रा, चिठ्ठ्या टाकून, निम्मी मुलं इथली आणि निम्मी नागपूरची. तिन्ही ठेवणी एका चाचणीत येतील. जगात दुसरीकडे हे जमवणं कठीण. किती मुलं लागतील?

पुतणी : कळांचा फरक किती धरायचा त्यावर आहे. थोडा धरला तर शेकड्यांनी लागतील, आणि दोन वर्षं तरी हवीत. दोन्हीकडच्या नीतिसमित्यांची परवानगी, दोन्हीकडे एकच कॅप्सूल, कळ कशाला म्हणायचं याची एकच व्याख्या. तुमच्या बॅचचं मेडिकलला अजून कोण आहे?

काका : बॅचचं कोणी नाही, सगळे माझ्यासारखेच निवृत्त. पण शिकवलेली दोन पोरं आहेत बालरोग विभागात. आत्ता तिकडे किती वाजले असतील? दीड तास पुढे. लाव फोन.